लेखी द्या

रविवारची जेवणं उरकून अर्धा तास झाला तरी टेबलावरून कुणी उठत नव्हतं. ताटं वाळून गेली होती. मधोमध मिठाच्या बरणीखाली शाळेचं पत्र दाबून ठेवलेलं होतं आणि पंख्याच्या वाऱ्यानं त्याचा एक कोपरा सारखा फडफडत होता.

"वाचलंस ना, बेबी?" नानांनी विचारलं.

आत्यानं चष्मा कपाळावर सरकवला. वय अडुसष्ट झालं तरी मोठ्या भावाच्या तोंडी ती बेबीच होती. बाकी घराची ती आत्या. "दोनदा वाचलं. एकदा त्यात काय लिहिलंय ते बघायला, आणि एकदा काय लिहिलं नाही ते बघायला."

"काय लिहिलं नाही?"

"आरोप लिहिला नाही. कोणता नियम मोडला, चौकशी कोण करणार, उत्तर द्यायला किती दिवस, काही म्हणजे काही नाही. 'संस्थेच्या प्रतिष्ठेला बाधा आणणारे वर्तन' हे एक गुळगुळीत वाक्य, आणि खाली धमकी. सोमवारी सकाळी दहाला समितीपुढे राजीनामा द्यावा, अन्यथा सेवा समाप्त. शिक्षक संघटनेच्या कचेरीत मी सत्तावीस वर्षं काढली, नाना. असली पत्रं ढिगानं पाहिली. ज्याची बाजू भक्कम असते तो असलं लिहीत नाही."

शेवटचं वाक्य ती छोटीकडे बघून बोलली. छोटी नानांची धाकटी लेक, बत्तीस वर्षांची, त्याच शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवणारी. पत्र तिला आलं होतं. आणि पत्राखाली समितीचा 'सचिव' म्हणून जी झोकदार सही होती, ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मान खाली घालून बसलेल्या माणसाची होती. छोटीच्या सख्ख्या थोरल्या भावाची.

"मी फक्त सही केली," दादा म्हणाला. "मजकूर मुख्याध्यापकांचा आहे."

"म्हणजे न वाचता केली?" वहिनीनं विचारलं. दादाची बायको एरवी चारचौघांत नवऱ्याची बाजू कधी सोडत नसे. आज तिचा सूर आत्याला जरा निराळा लागला.

"वाचून केली. आणि छोटीच्या भल्यासाठीच केली. राजीनामा दिला की विषय संपतो. चौकशी लागली की नाव कागदोपत्री चढतं."

"कुणाचं नाव?" छोटी म्हणाली. "माझं की तुमच्या क्रीडाशिक्षकांचं?"

"आवाज चढवू नकोस."

"अजून चढवलेला नाही, दादा. चढवला की कळेल तुला."

आत्यानं टेबलावर दोन बोटं वाजवली. संघटनेच्या कचेरीत भांडत आलेल्या लोकांना ती असंच गप्प करायची. "छोटे, पहिल्यापासून सांग. राग नंतर. आधी वार आणि वेळ."

छोटीनं श्वास घेतला. "गुरुवार, तिसरा तास, गणित. एक मुलगी उभी राहून लिहीत होती. मी म्हटलं, बस. तर म्हणाली, 'बाई, मला असंच बरं वाटतंय.' चौथ्या तासालाही उभीच. मधल्या सुट्टीत तिला परिचारिकेच्या खोलीत नेलं. मांड्यांच्या मागच्या बाजूला वळ होते. पाच. बारीक, दोरीनं उठतात तसे. मी एवढंच विचारलं, हे काय झालं? ती म्हणाली, मैदानावर शेवटचा नंबर आला की सर शिट्टीच्या दोरीनं मारतात, मग सामानाच्या खोलीत कोंडतात."

"आणखी काही विचारलंस तिला?"

"नाही. जास्त खोदायचं नाही, ते काम तपास करणाऱ्यांचं, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. तिचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवले. परिचारिकेनंही वहीत नोंद केली."

"शाब्बास. पुढे?"

"लगेच मुख्याध्यापकांकडे गेले. ते म्हणाले, आपण आतल्या आत बघू, तू यात पडू नकोस. शुक्रवारी पुन्हा गेले, पुन्हा तेच. शनिवारी सकाळी बालसंरक्षण कार्यालयात जाऊन तक्रार दिली. तिथून शाळेला फोन गेला, आणि दुपारी शिपाई हे पत्र घेऊन दारात हजर."

दादानं हात पसरले. "हेच तर! बाहेर जायची गरज काय होती? अकरा वर्षं झाली त्या माणसाला. कपाटात चषक मावत नाहीत. उद्या खोटं निघालं तर?"

"खोटं निघालं तरी छोटीला कुणी हात लावू शकत नाही," आत्या म्हणाली. "कायदा असं म्हणत नाही की आधी सिद्ध कर आणि मग कळव. तो म्हणतो, संशयाला सबळ कारण दिसलं की कळव. शिक्षकानं, स्वतः. वरिष्ठांच्या कानावर घातलं म्हणून त्याची सुटका होत नाही. आणि जो प्रामाणिकपणे कळवतो त्याच्यावर त्यापायी कारवाई करता येत नाही. न कळवणं मात्र गुन्हा आहे. मुख्याध्यापकांनासुद्धा लागू आहे तो, आणि समितीच्या माणसांनासुद्धा."

दादानं पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. आत्याच्या नजरेतून ते सुटलं नाही. इथे कुठेतरी पाणी मुरतंय, एवढी खूणगाठ तिनं मनाशी बांधली.

मग नाना बोलले. तेहेतीस वर्षांची नोकरी, त्यातली चौदा त्याच शाळेचे मुख्याध्यापक म्हणून. अजूनही बोलायच्या आधी घसा साफ करायचे, आणि तेवढ्यानं खोली गप्प व्हायची. "कायद्याचं सगळं मान्य. पण माणसाला राहायचं असतं ते माणसांत. छोटे, ऐक माझं. दोन ओळी लिहून दे, वैयक्तिक कारणास्तव म्हणून. दुसऱ्या शाळेत मी शब्द टाकतो. वर्षभरात लोक विसरतात. दादाची अडचण होणार नाही, आणि घराचं नावही..."

"नाना," आत्या म्हणाली.

तिचा आवाज मुळीच चढला नव्हता. तरी छोटीनं चमकून तिच्याकडे पाहिलं.

"अगदी हेच शब्द आहेत. एकही बदललेला नाही. 'दोन ओळी लिहून दे, मी शब्द टाकतो, वर्षभरात लोक विसरतात.'"

"बेबी, आता तो विषय कशाला..."

"छोटीला माहीत नाही म्हणून. दादालाही नीट माहीत नाही." तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्हाला सांगण्यात आलं की आत्यानं तब्येतीमुळे शिकवणं सोडलं. माझी तब्येत ठणठणीत होती. बारा वर्षं मी भाषा शिकवली. एका विश्वस्ताच्या मुलाचे गुण वाढवून द्यायला मी नाही म्हटलं. समितीनं राजीनामा मागितला. तुमचे वडील तेव्हा मुख्याध्यापक. कागद तेच घेऊन आले, पेनही त्यांचंच. मी सही केली. मोठा भाऊ सांगतोय म्हटल्यावर दुसरा विचार शिवलाच नाही मला. शब्द टाकलाही त्यांनी, खोटं कशाला बोलू. पण वैयक्तिक कारणास्तव सोडलेल्या बाईला पुढच्या शाळेत पहिला प्रश्न हाच विचारतात, की कसलं कारण?"

वहिनीनं कापायला घेतलेलं सफरचंद तसंच ताटात ठेवलं.

एकतीस वर्षांनी ती गोष्ट आत्याच्या तोंडातून बाहेर पडली ती एखाद्या जुन्या प्रकरणाची हकिगत सांगावी तशी. ज्यांच्या सुनावणीला ती शेजारी बसली, त्या कितीतरी शिक्षकांच्या गोष्टी तिनं अशाच सांगितल्या होत्या. आपली तेवढी राहून गेली होती.

नानांनी या वेळी घसा साफ केला नाही. "मला नियम ठाऊक होता, बेबी," ते म्हणाले. "राजीनामा मागता येत नाही. आरोप लेखी द्यावा लागतो, माणसाला बोलू द्यावं लागतं. सेवानियमांचं पुस्तक माझ्याच खणात होतं. तू म्हणशील, मला माहीत नव्हतं, म्हणून झालं. तसं नाही. माहीत होतं."

इतकी वर्षं आत्यानं भावाला अज्ञानाचा फायदा देऊन ठेवला होता. आता तो त्यानं आपल्या हातानं परत केला. राग यायला हवा होता. आलाही, एका झटक्यात, कानापर्यंत. पण त्याच्यामागून आणखी काहीतरी आलं, आणि ते रागापेक्षा बरं होतं. नाना घरातल्या सगळ्यांसमोर खरं बोलले होते. आठवणीत पहिल्यांदाच.

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "तुमचं माझं आपण सावकाश बघू. आज छोटीचं बघायचंय. आता पुन्हा तिला राजीनामा दे म्हणाल?"

"नाही," नाना म्हणाले.

दादा खुर्ची मागे सारून उठला. "ठरलंच तर मग. उद्या समितीत मी काय तोंड दाखवू?"

"बस जरा," वहिनी म्हणाली. "आपली लेक त्याच सरांच्या संघात आहे. गुरुवारपासून तू तिला एका शब्दानं विचारलंस?"

"गुरुवारपासून?" आत्यानं विचारलं. "पत्र तर शनिवारचं आहे."

वहिनीनं दादाकडे पाहिलं, मग उठून आतल्या खोलीत लेकीकडे गेली. दार लागलं. दहा मिनिटांनी ती परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"मारलं नाही तिला," ती म्हणाली. "ती जोरात पळते ना. म्हणते, 'आई, शेवटचा नंबर येऊ नये म्हणून सगळेच पळतात.' आणि मी इतके दिवस समजत होते, पोरगी हौसेनं पळते."

दादा गाडीच्या किल्ल्या घेऊन निघून गेला. कुठे, ते सांगितलं नाही.

त्या दुपारी आत्या आणि छोटी कामाला बसल्या. आत्यानं तिला उत्तर लिहायला लावलं, आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "हे काय? 'मी तातडीने कळवले.' खोटं आहे."

"आत्या!"

"कळवायला चोवीस तासांची मुदत होती. तू गुरुवारी बघितलंस आणि शनिवारी गेलीस. उशीर केलास."

"मुख्याध्यापकांनी थांबवलं म्हणून..."

"कारण ते आहे. पण उशीर तुझा आहे. ते स्वच्छ लिही, त्यांनी विचारायच्या आत. जिथे आपलं चुकलं तिथे आपण आधी बोललो, की बाकीचं सगळं खणखणीत वाजतं."

छोटीनं ती ओळ खोडली. "त्या शुक्रवारी पुन्हा मैदानाचा तास होता," ती हळूच म्हणाली. "ती पोर पुन्हा मैदानावर गेली असेल."

आत्यानं तिची समजूत काढली नाही. "हेही लक्षात ठेव," एवढंच म्हणाली.

सोमवारी दहाला दोघी बैठकीच्या खोलीत शिरल्या. लांब टेबल, पाच सदस्य, भिंतीला चषकांचं काचेचं कपाट. अध्यक्षस्थानी एक निवृत्त डॉक्टरीणबाई होत्या, करड्या केसांच्या, हातात पेन्सिल. दादा सचिवाच्या खुर्चीत, समोर इतिवृत्ताची वही. रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नसावा.

मुख्याध्यापकांनी आत्याला पाहून भुवया उंचावल्या. "आपण कशा?"

"सेवानियमांप्रमाणे शिक्षकाला आपल्या पसंतीचा एक मदतनीस आणता येतो. ती मी."

"पण आपण यांच्या आत्या."

"हो. आत्या चालत नाही असं नियमांत कुठे आढळलं नाही मला. आपल्याला आढळलं असेल तर कलम सांगा."

डॉक्टरीणबाईंच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. "बसा," त्या म्हणाल्या. "राजीनामा आणलाय?"

"राजीनामा नाही, उत्तर आणलंय," छोटी म्हणाली. तिचा आवाज पहिल्या शब्दाला कापला, दुसऱ्याला नाही. "माझ्यावर काय आरोप आहे ते मला लेखी द्यावं. त्याला उत्तर द्यायला नियमाप्रमाणे मुदत द्यावी. आणि मी मुलीची तक्रार बाहेर का दिली, असाच आरोप असेल तर तोही लेखी द्यावा, समितीच्या सहीनं."

खोलीत कुणाची तरी खुर्ची करकरली. हे लेखी देणं म्हणजे कळवणाऱ्यावर कारवाई केल्याची कबुलीच, हे निदान दोघांना तरी कळलं असावं.

मुख्याध्यापक पुढे झुकले. "बाई, अफवेवर विसंबून यांनी एका आदरणीय सहकाऱ्याची बदनामी..."

"अध्यक्षबाई, एक मिनिट."

दादा उठून उभा राहिला होता. आत्यानं पर्समध्ये एक कागद घडी करून ठेवला होता: ज्याचा प्रकरणाशी संबंध आहे त्यानं निर्णयाला बसू नये, याचं कलम. तो तिला आपल्याच भाच्याविरुद्ध वाचावा लागणार होता. तिनं हात पर्सपर्यंत नेला आणि तिथेच ठेवला.

"ही माझी बहीण आहे," दादा म्हणाला. "त्यामुळे या विषयात मला मत देता येत नाही. पत्रावर सहीदेखील करायला नको होती. मी खुर्ची सोडतो." त्यानं वही मिटून शेजारच्या सदस्यापुढे सरकवली. "पण जायच्या आधी एक नोंद घ्या. गुरुवारी दुपारी साडेतीनला मुख्याध्यापकांनी मला फोन केला. मुलीच्या अंगावर वळ आहेत, असं सांगितलं. अफवा म्हणाले नाहीत, वळ म्हणाले. स्पर्धा तोंडावर आहे, महिनाभर दाबून ठेवू, असं आमचं ठरलं. कळवायचं कर्तव्य माझंही होतं. मी कळवलं नाही. काल संध्याकाळी मी बालसंरक्षण कार्यालयाच्या दूरध्वनीवर माझा जबाब दिलाय. स्वतःच्या नावानं."

मुख्याध्यापकांनी रुमाल काढला. "हे... हे संदर्भ सोडून आहे. मी तपास करणारच होतो."

डॉक्टरीणबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "मला शनिवारी तुम्ही सांगितलंत की काही पुरावा नाही, बाई चिडखोर आहेत." मग छोटीकडे वळून, "वळ किती होते?"

"पाच."

"रंग?"

"तीन लाल. दोन पिवळसर पडलेले."

"म्हणजे एकाच दिवसाचे नव्हेत." चाळीस वर्षं मुलांना तपासलेल्या बाईला आणखी काही विचारायची गरज नव्हती. "परिचारिकेची वही मागवा."

वही आली. नोंद होती, वेळेसकट. छोटीचं उत्तर मोठ्यानं वाचलं गेलं. उशिराच्या ओळीपाशी एक सदस्य सरसावले, "बघा, यांनीही मुदत पाळलेली नाही!"

"मीच लिहिलंय ते," छोटी म्हणाली. "त्याबद्दल लेखी समज द्या. मी घेईन. ती माझ्या फाइलला लागायलाच हवी."



निर्णयाला वीस मिनिटं लागली. पत्र बिनशर्त मागे. छोटी त्याच दिवसापासून वर्गावर. उशिराबद्दल लेखी समज. क्रीडाशिक्षकांना चौकशी पुरी होईपर्यंत मुलांपासून दूर ठेवायचं, पण त्यांनाही आरोप लेखी द्यायचे आणि त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायचं. हे शेवटचं आत्यानंच सुचवलं, तेव्हा छोटीनं वळून तिच्याकडे पाहिलं.

"त्यांनाही?" बाहेर पडल्यावर तिनं विचारलं.

"त्यांनाही. तेसुद्धा शिक्षक आहेत. नियम आवडत्या माणसांपुरता ठेवला तर तो नियम राहत नाही. आणि ऐकून न घेता काढलेला माणूस अपिलात परत येतो, हेही ध्यानात ठेव. मला तो परत यायला नकोय."

तास बदलल्याची घंटा झाली. छोटीनं आत्याचा हात एकदा घट्ट दाबला आणि व्हरांड्यातून जवळजवळ धावतच वर्गाकडे गेली. दारातून आधी गलका ऐकू आला, मग तो एकदम थांबला, मग तिचा ठसठशीत आवाज: "बसा. ज्यांना बसावंसं वाटतंय त्यांनीच बसा."

दादा जिन्याच्या कठड्याला टेकून उभा होता. "सचिवपद गेलं, आत्या," तो म्हणाला. "आणि जबाबावरून बहुतेक माझ्यावरही काहीतरी होईल."

"होईल. होऊ दे. तुझ्या सुनावणीलाही मी येईन."

"माझ्या बाजूनं?"

"तुझं म्हणणं नीट ऐकलं जातंय ना, ते बघायला. चूक आहे ती आहेच." तिनं त्याच्या पाठीवर थाप मारली, लहानपणी मारायची त्यापेक्षा जरा जोरात. "पण आज तुझ्यासाठी कागद बाहेर काढावा लागला नाही. मला किती बरं वाटलं, ते तुला कळायचं नाही."

दोघं जिना उतरायला लागली तेवढ्यात मागून कुणीतरी हाक मारली. चित्रकलेच्या शिक्षिका होत्या, पंचविशीच्या, बोटांना निळा रंग लागलेला. त्यांनी आधी मागे वळून व्हरांडा रिकामा असल्याची खात्री केली.

"तुम्हीच ना, त्यांच्याबरोबर आत गेला होतात?" त्या म्हणाल्या. "मला विचारायचं होतं... मुलं चित्रं काढतात ना, त्यात मी काही पाहिलंय. सामानाच्या खोलीचं दार. तीन वेगवेगळ्या मुलांनी काढलंय. मी कुणाला बोलले नाही. माझी नोकरी अजून कायम नाही. कायम नसलेल्यांना पण ते लागू होतं का, संरक्षणाचं?"

"होतं," आत्या म्हणाली. "पहिल्या दिवसापासून."

त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. "चित्रं माझ्या कपाटात आहेत."

"घेऊन या. आता, लगेच. बालसंरक्षण कार्यालय पाचपर्यंत उघडं असतं."

शिक्षिका वळून धावल्या. आत्यानं गुडघ्यांना विचारून पाहिलं, ते नाही म्हणाले, तरी ती उरलेल्या पायऱ्या उतरायला लागली. दादा दोन पायऱ्या एकदम टाकत तिच्या पुढे गेला.

"तुम्ही सावकाश या, आत्या," तो म्हणाला. "मी गाडी फाटकाशी आणतो."